दोघी जावा, एक सावत्र सासू आणि चेटकाचा आरोप : वाचकांचे प्रश्न

युरोपातील राजघराण्यांतल्या चेटूक-प्रकरणांवर आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न आणि त्यांना आमच्या इतिहास-मंडळाने दिलेली उत्तरे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहिते आहे. एका राजघराण्यातल्या दोन जावा, दोघींकडेही चेटकीण म्हणून बोट दाखवलं जातं आणि दोघींचं एकमेकींशी पटत नाही, अशी कल्पना आहे. असं घराणं खरोखर होऊन गेलं का? — एक लेखिका, नाशिक

होऊन गेले, आणि तिथे दोन जावांबरोबर सावत्र सासूही होती. इंग्लंडचे लँकेस्टर घराणे. राजा चौथा हेन्री याला पहिल्या बायकोपासून चार मुलगे : पाचवा हेन्री, क्लॅरन्सचा ड्यूक टॉमस, बेडफर्डचा ड्यूक जॉन आणि ग्लॉस्टरचा ड्यूक हंफ्री. १४०३ मध्ये हेन्रीने दुसरे लग्न केले ते ब्रिटनीच्या ड्यूकची विधवा, नव्हारची जोन हिच्याशी. ही झाली सावत्र सासू. १४२८ मध्ये हंफ्रीने पहिली बायको सोडून तिच्याच तैनातीतल्या एलेनॉर कॉबमशी लग्न लावले. १४३३ मध्ये बेडफर्डने लक्झेंबर्ग घराण्यातल्या जॅकेटाशी दुसरा संसार मांडला. जोनवर १४१९ मध्ये, एलेनॉरवर १४४१ मध्ये आणि जॅकेटावर १४६९ मध्ये चेटकाचा आरोप झाला. जोन १४३७ मध्ये वारली, म्हणजे १४३३ ते १४३७ अशी चार वर्षे तिघीही एकाच घराण्यात नांदत होत्या.

तुमच्या कथेला उपयोगी पडेल असा एक बारकावा आहे. बेडफर्डचा जन्म १३८९ चा, हंफ्रीचा १३९० चा. त्यामुळे लग्नाच्या वेळी जेमतेम सतरा वर्षांची असलेली जॅकेटा नात्याने थोरली जाऊ आणि तिशी ओलांडलेली एलेनॉर धाकटी. एलेनॉर एका सरदाराची मुलगी, आधी हंफ्रीची ठेवलेली बाई, मग डचेस. जॅकेटा सेंट पोलच्या काउंटची मुलगी, आणि तिचे घराणे आपला वंश मेल्यूसीन नावाच्या जलपरीपर्यंत नेऊन भिडवणारे. १४३५ मध्ये बेडफर्ड वारला. जॅकेटाने राजाची परवानगी न घेता रिचर्ड वुडव्हिल या साध्या नाइटशी लग्न केले आणि १,००० पौंड दंड भरला, तरी ‘बेडफर्डची डचेस’ हा किताब तिच्याकडेच राहिला. मिरवणुकीत कोणी पुढे चालायचे, चर्चमध्ये कोणी आधी बसायचे, १ जानेवारीच्या नववर्षभेटी कोणाला कोणत्या क्रमाने द्यायच्या, या सगळ्याला त्या दरबारात फार किंमत होती. जावांमधला ताण दाखवायचा असेल तर तो अशा ठिकाणी दाखवा. काढ्याच्या हंड्याभोवती त्या भांडताना दाखवल्या तर प्रसंग लगेच खोटा वाटेल.

मात्र या दोघींनी एकमेकींवर चेटकाचा आरोप कधी केला नाही. तिन्ही वेळा आरोप पुरुषांच्या सत्तास्पर्धेतून आला आणि त्याच्या मुळाशी दोन गोष्टी होत्या : विधवेच्या वाट्याचे उत्पन्न आणि गादीचा वारसा. आमचा आग्रह असा, की अशा प्रत्येक प्रकरणात आधी बाईची नेमणूक, म्हणजे तिला दरवर्षी मिळायची ठरलेली रक्कम, किती होती आणि तिचा नवरा गादीपासून किती अंतरावर होता हे काढावे. मेणाची बाहुली त्यानंतर बघावी.

प्रश्न : जोनला सावत्र मुलानेच पकडले, पण खटला चालवला नाही. असे का? — इतिहासाचा विद्यार्थी, कोल्हापूर

खटला चालवायचाच नव्हता म्हणून. लग्नात जोनला वर्षाला १०,००० मार्कांची नेमणूक ठरली होती. एक मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स, पौंडाचे दोनतृतीयांश. हिशेब केला तर वर्षाला ६,६६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. पुढे १४२१ मध्ये राज्याच्या नेहमीच्या उत्पन्नाचा अंदाज काढला तेव्हा तो साधारण ५६,००० पौंड निघाला. म्हणजे एका विधवेच्या नावावर दहाव्या हिश्शाहून जास्त रक्कम. ही नेमणूक पुरती वसूल क्वचितच होत असे, पण कागदावर तिचा हक्क तेवढा होता. त्याच वेळी पाचवा हेन्री फ्रान्समध्ये मोहिमेवर होता आणि त्याला पैसा हवा होता.

सप्टेंबर १४१९ मध्ये जोनचा धर्मगुरू, फ्रान्सिस्कन साधू जॉन रँडॉल्फ, याच्या तोंडून आरोप आला की राणीने ‘अत्यंत भयंकर रीतीने’ राजाच्या मरणाचा कट केला. जमिनी, पैसा, सामान जप्त. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अटक. पण तिच्यावर आरोपपत्र नाही, चौकशीसमोर उभे करणे नाही, शिक्षाही नाही. खटला भरला असता तर दोन संकटे होती. ती निर्दोष सुटली तर नेमणूक परत द्यावी लागली असती. दोषी ठरली तर स्वतःच्या बापाच्या विधवेला राजद्रोहाची शिक्षा द्यावी लागली असती. आरोप नुसता लटकत ठेवण्यात राजाची सोय होती.

तिच्या कैदेतल्या घरखर्चाच्या वह्या टिकून आहेत आणि त्या वाचल्यावर आरोपावर कोणाचाही विश्वास होता असे वाटत नाही. केंटमधल्या लीड्स किल्ल्यात तिचे नोकरचाकर होते, चांगली वाइन होती, पाहुण्यांचा राबता होता. कँटरबरीचा आर्चबिशप येऊन जाई. सावत्र मुलगा हंफ्री येऊन जेवून गेला. लॉर्ड कॅमॉइस तर महिनोन्‌महिने मुक्कामाला होता. राजाच्या जिवावर उठलेल्या चेटकिणीच्या पंगतीला आर्चबिशप बसत नाही. जुलै १४२२ मध्ये, मरणाच्या दीड महिना आधी, हेन्रीने सदसद्विवेकाला टोचणी नको म्हणून तिची नेमणूक परत करण्याचा हुकूम दिला आणि सोबत नवे झगे शिवायला कापड व गाड्यांना घोडे द्यायला सांगितले.

एक इशारा. लीड्स किल्ला आणि यॉर्कशरमधले लीड्स शहर यांचा काही संबंध नाही. किल्ला लंडनच्या आग्नेयेला केंट परगण्यात, मेडस्टनजवळ आहे. मराठी लेखांत ही चूक हमखास दिसते आणि मग कैदी उगाचच इंग्लंडच्या उत्तरेला पोचतो.

प्रश्न : एलेनॉरच्या खटल्यात एकाला फाशी, एकीला जाळले आणि खुद्द डचेस मात्र मेणबत्ती घेऊन चालली. एकाच गुन्ह्याला इतक्या वेगळ्या शिक्षा कशा? प्रकरण क्रमाने सांगावे. — एक वकील वाचक, सोलापूर

शिक्षा वेगळ्या झाल्या कारण कायद्याच्या नजरेत गुन्हे वेगळे होते. हे नीट समजले की बाकीचा गुंता सुटतो. १४४१ मध्ये इंग्लंडात चेटकाविरुद्ध संसदेचा एकही कायदा नव्हता. पहिला आला १५४२ मध्ये. त्यामुळे आरोप दोन वाटांनी जाई. मंत्रतंत्र, मेणाची बाहुली, आत्मे बोलावणे हे पाखंड म्हणून चर्चच्या न्यायासनापुढे. आणि त्या तंत्राचा रोख राजाच्या जिवावर असला तर १३५२ च्या कायद्याखाली राजद्रोह म्हणून राजाच्या न्यायालयापुढे. त्या कायद्यात राजाच्या मरणाची नुसती ‘कल्पना करणे’ हाही गुन्हा होता.

आता पार्श्वभूमी. बेडफर्ड १४३५ मध्ये निपुत्रिक वारला. पाचव्या हेन्रीचा मुलगा, राजा सहावा हेन्री, तेव्हा चौदा वर्षांचाही नव्हता, लग्न नाही, मूल नाही. त्यामुळे काका हंफ्री गादीचा पहिला वारस झाला आणि एलेनॉर उद्याची राणी. हंफ्रीचा जुना वैरी होता त्याचा सावत्र काका, कार्डिनल हेन्री बोफर्ट. आणि एलेनॉरला मूल होत नव्हते. या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच प्रकरण पेटायला तयार झाले होते.

एलेनॉरने राजाची पत्रिका मांडायला सांगितली. हे काम केले ऑक्सफर्डचा विद्वान धर्मोपदेशक रॉजर बोलिंगब्रोक आणि वेस्टमिन्स्टरच्या सेंट स्टीफन्सचा कॅनन टॉमस साउथवेल यांनी. पत्रिकेत निघाले की मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला राजाच्या जिवाला धोका आहे. पत्रिका बघणे तेव्हा गुन्हा नव्हता, राजेही बघत. पण जिला राजाच्या मरणाने मुकुट मिळणार तिनेच त्याच्या मरणाची वेळ विचारणे, याला राजद्रोह म्हणणे फार सोपे होते. राजाच्या बाजूने दुसरी पत्रिका करवून घेतली गेली आणि तीत अर्थातच दीर्घायुष्य निघाले.

जूनच्या अखेरीस बोलिंगब्रोक, साउथवेल आणि डचेसचा कारभारी धर्मोपदेशक जॉन होम पकडले गेले. रविवार, २३ जुलै रोजी लंडनच्या सेंट पॉल्स क्रॉसपाशी उंच मंच घालून बोलिंगब्रोकला लोकांपुढे बसवले. सोबत त्याची सगळी साधने मांडली : रंगवलेली खुर्ची, तिच्या चार कोपऱ्यांवर चार तलवारी, प्रत्येक तलवारीला टांगलेली तांब्याची मूर्ती. त्याच्या एका हातात तलवार, दुसऱ्या हातात राजदंड. त्याने तिथेच आपल्या विद्येचा त्याग केला. चौकशीत मात्र त्याने डचेसचे नाव घेतले होते.

एलेनॉर वेस्टमिन्स्टर ॲबीत आश्रयाला पळाली आणि इथेच फसली. देवळाचा आश्रय राजाच्या शिपायांपासून वाचवी, पण पाखंडाचा आरोप चर्चचाच. त्याला चर्चचे दार कसे अडवणार? दोन दिवसांत ती आर्चबिशप आणि बिशपांच्या मंडळापुढे उभी होती, आणि त्या मंडळात कार्डिनल बोफर्ट बसला होता. अठ्ठावीस आरोप ठेवले. तिने पाच मान्य केले. राजाला मारण्याचा आरोप तिने शेवटपर्यंत नाकारला. आपल्याला हंफ्रीपासून मूल व्हावे म्हणून मार्जरी जूर्डमेन या बाईकडून औषध घेतले आणि मेणाची बाहुलीही त्यासाठीच होती, असे ती म्हणाली. मूल होण्यासाठी अंगारा, काढा, गंडा घेणाऱ्या बायका प्रत्येक दरबारात होत्या, हे लक्षात घेतले तर हा जबाब खराच वाटतो.

शिक्षांचा हिशेब असा. मार्जरी वेस्टमिन्स्टरजवळच्या आय गावची. १४३० मध्ये ती एकदा चेटकासाठीच पकडली गेली होती आणि १४३२ मध्ये चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटली होती. दुसऱ्यांदा सापडलेल्या पाखंड्याला जाळायचे असा दंडक होता. म्हणून २७ ऑक्टोबर रोजी तिला स्मिथफील्डला जाळले. साउथवेल शिक्षेआधीच टॉवरमध्ये मेला. बोलिंगब्रोकवर राजद्रोह सिद्ध झाला, तेव्हा १८ नोव्हेंबर रोजी त्याला टायबर्नपर्यंत फरफटत नेऊन फाशी आणि देहाचे तुकडे, ही राजद्रोह्याची शिक्षा. होमला फक्त गोष्टी माहीत होत्या, म्हणून माफी. एलेनॉरचा निकाल फक्त चर्चने लावला. पहिलाच अपराध आणि पश्चात्ताप, त्यामुळे प्रायश्चित्त. त्याआधी ६ नोव्हेंबरला तिचे हंफ्रीशी लग्न मोडले. आमच्या मते खरा घाव हाच होता. लग्न मोडले की राणीपणाची शक्यता गेली, आणि पुढे विधवेची नेमणूकही गेली.

प्रायश्चित्त तीन दिवस : सोमवार १३, बुधवार १५ आणि शुक्रवार १७ नोव्हेंबर. मुद्दाम बाजाराचे दिवस निवडले होते, म्हणजे रस्ता भरलेला. दर वेळी नावेने टेम्स नदीवरच्या घाटावर उतरायचे आणि डोके उघडे ठेवून, हातात पेटती मेणबत्ती घेऊन पायी चर्चपर्यंत जायचे. पहिल्या दिवशी टेम्पलच्या घाटावरून फ्लीट स्ट्रीटने सेंट पॉल्स. दुसऱ्या दिवशी स्वान घाटावरून ऑल्डगेटजवळच्या क्राइस्टचर्चला. तिसऱ्या दिवशी क्वीनहाइदवरून कॉर्नहिलच्या सेंट मायकेलला. घाटावर लंडनचा मेयर आणि शहराचे अधिकारी हजर असत. त्यानंतर जन्मठेप : चेस्टर, केनिलवर्थ, आइल ऑफ मॅन आणि अखेर वेल्समधला बोमॅरिस किल्ला. तिथेच ती १४५२ मध्ये वारली. खटल्याच्या मधल्या महिन्यांत तिला ठेवले होते ते लीड्स किल्ल्यात, जिथे सावत्र सासूने दिवस काढले होते.

आपण वकील आहात म्हणून एक जोड देतो. उमरावाच्या बायकोला राजद्रोहासाठी कोणापुढे उभे करायचे हे १४४१ मध्ये कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. १४४२ मध्ये संसदेने कायदा करून ठरवले की तिचा न्यायही तिच्या नवऱ्यासारखाच उमरावांच्या सभेपुढे व्हावा.

प्रश्न : शेक्सपिअरच्या नाटकात राणी मार्गारेट एलेनॉरला थप्पड मारते. खरी स्पर्धा या दोघींतच नव्हती का? — एक वाचक, पुणे

नव्हती, दोघींची गाठच पडली नाही. मार्गारेट सहाव्या हेन्रीची राणी होऊन इंग्लंडात आली १४४५ मध्ये, आणि एलेनॉर तोवर चार वर्षे कैदेत होती. रंगभूमीला समोरासमोर दोन बायका हव्या होत्या म्हणून नाटककाराने वर्षे जवळ आणली.

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था याच विषयावर दोन अंकी करते आहे. झाडू, काळे मांजर, टोकदार टोपी हे सगळे लागेलच. आणखी काय साहित्य करावे? — नाट्यसंस्था, सातारा

ही तिन्ही काढून टाका. ती सगळी पुढच्या काळातली. चेटकीण ओळखायचे प्रसिद्ध लॅटिन पुस्तक छापले गेले १४८० च्या दशकात, म्हणजे एलेनॉरनंतर चाळीसेक वर्षांनी. इंग्लंडच्या खटल्यांत मांजर येते ते १५६६ मध्ये चेम्सफर्डला. पंधराव्या शतकातल्या दरबारी चेटकाची साधने म्हणजे पुस्तके, पत्रिका, आकृत्या, धातूच्या मूर्ती, मेण आणि बाटलीतला काढा. ते करणारे बहुतेक सगळे शिकलेले पुरुष, धर्मोपदेशकाच्या वेषात. रंगमंचावर हे दाखवले तर प्रेक्षकाला जास्त भीती वाटेल, कारण सगळे चर्चच्या आतलेच दिसेल.

मेणाची बाहुली करताना बाजारातले पांढरे पॅराफिन वापरू नका. पॅराफिन एकोणिसाव्या शतकातले. तेव्हाचे मेण मधमाशीचे : पिवळसर, किंचित मधाचा वास असलेले. ते साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते, म्हणजे डबल बॉयलरमध्ये सहज. थेट आचेवर ठेवलेत तर करपून काळपट होते आणि पेट घेण्याचाही धोका असतो. वीत-दीड वीत उंचीच्या बाहुलीला पाव ते अर्धा किलो मेण पुरते. दिव्यांच्या झोतात ती मऊ पडून वाकते, तेव्हा आत जाड तारेचा सांगाडा घाला. आरोपातली कल्पना अशी होती की बाहुली आचेशी हळूहळू झिजेल तसा राजा झिजेल. म्हणून प्रसंगात ती आचेजवळ नुसती धरा. आगीत टाकली तर अर्थच बदलतो.

बोलिंगब्रोकच्या खुर्चीला चार तलवारी लावायच्या आहेत. त्या प्लायवुडच्या करा, कडा बोथट ठेवा आणि खुर्चीच्या पायांशी वाळूच्या पिशव्या बांधा. उभ्या तलवारींमुळे वजन वर जाते आणि कलाकार टेकला की खुर्ची मागे कलते. मूर्ती पातळ तांब्याच्या पत्र्यातून कापल्या तर हलताना उजेड पकडतात.

दुसऱ्या अंकात जॅकेटा असेल तर शिशाची मूर्ती लागेल. मूळ मूर्ती बोटाएवढी, शस्त्रधारी पुरुषाच्या आकाराची, मधोमध मोडलेली आणि तारेने बांधलेली होती. खरे शिसे अजिबात वापरू नका, ते विषारी आहे आणि हाताळताना हाताला लागते. कागदाच्या लगद्यावर शिशासारखा करडा रंग आणि थोडी पेन्सिलीची पूड चोळली की हुबेहूब दिसते. बोटाएवढी मूर्ती चौथ्या रांगेपुढे दिसत नाही, तेव्हा १२ ते १५ सेंटिमीटरची करा. तार लांबून दिसेल इतकी जाड आणि चकचकीत घ्या. सगळ्या आरोपाचे नाट्य त्या तारेत आहे.

प्रश्न : जॅकेटा सुटली कशी? — एक वाचक, बेळगाव

तिने कागद करून घेतले म्हणून. तिची मुलगी एलिझाबेथ १४६४ मध्ये राजा चौथ्या एडवर्डची राणी झाली आणि माहेरचे वुडव्हिल वर आले. याचा राग धरून वॉरिकच्या अर्लने १४६९ च्या उन्हाळ्यात राजालाच ताब्यात घेतले आणि ऑगस्टमध्ये जॅकेटाचा नवरा व एक मुलगा यांची डोकी उडवली. त्याच वेळी टॉमस वेक नावाचा गृहस्थ ती शिशाची मूर्ती घेऊन वॉरिकच्या किल्ल्यात आला आणि ही जॅकेटाने केली, असे म्हणाला. राजा आणि राणी यांच्याही दोन मूर्ती आहेत, याला स्टोक ब्रूर्नचा पॅरिश कारकून जॉन डाँजर साक्षीदार असल्याचे सांगण्यात आले.

जॅकेटाने पहिले काम केले ते लंडनच्या मेयरला लिहिण्याचे. १४६१ मध्ये राणी मार्गारेटचे सैन्य शहराबाहेर असताना तिने मध्यस्थी केली होती आणि शहराला त्याची आठवण होती. पुढे वॉरिकची पकड सुटली, राजा मोकळा झाला आणि तिने तक्रार थेट राजसभेपुढे नेली. साक्षी पुन्हा घेतल्या गेल्या. डाँजरने सांगितले की आणखी दोन मूर्ती होत्या असे म्हण, असे वेकने मला सांगितले होते आणि मी नाही म्हटले. तिथे आरोप कोसळला. १९ जानेवारी १४७० रोजी तिला निर्दोष ठरवले गेले. बहुतेक जण इथे थांबले असते. तिने फेब्रुवारीत निकालाची अधिकृत नोंद दफ्तरात करून घेतली, म्हणूनच आज आपल्याला बोटाएवढ्या मूर्तीची लांबीसुद्धा माहीत आहे.

एवढे करूनही १४८४ मध्ये, ती वारून बारा वर्षे झाल्यावर, तिसऱ्या रिचर्डच्या संसदेने म्हटले की एडवर्ड आणि एलिझाबेथचे लग्न या मायलेकींच्या चेटकाने झाले. पुरावा? ‘सगळ्या देशात लोक असे म्हणतात’, आणि गरज पडल्यास पुढे सिद्ध करू. भावजयीचे लग्न रद्द ठरले की पुतणे अनौरस ठरत होते आणि गादी रिचर्डला मिळत होती.

प्रश्न : फ्रान्समध्येही दोन बहिणी अशाच अडकल्या होत्या ना? — एक वाचक, इंदूर

होय, कार्डिनल माझारँच्या भाच्या. थोरली ऑलिंप, सुआसाँची काउंटेस, आणि धाकटी मारी आन, बुयाँची डचेस. चौदाव्या लुईच्या काळातल्या विषप्रकरणात ला व्हॉइझँ या भविष्य सांगणाऱ्या बाईच्या गिऱ्हाइकांत दोघींची नावे आली. जानेवारी १६८० मध्ये ऑलिंप रातोरात देशाबाहेर पळाली. मारी आन चौकशीला सामोरी गेली, सुटली, पण दरबारातून तिला दूर धाडले गेले. ला व्हॉइझँला फेब्रुवारीत जाळले. बहिणी एका बाजूच्याच होत्या, त्यामुळे ‘प्रतिस्पर्धी’ म्हणून त्यांच्याकडे बघू नका.

प्रश्न : गोपिकाबाई आणि आनंदीबाई यांना याच चौकटीत बसवता येईल का? — एक शिक्षिका, वाई

नाते तेच आहे, चौकट वेगळी. नानासाहेबांची पत्नी गोपिकाबाई थोरली जाऊ, राघोबादादांची पत्नी आनंदीबाई धाकटी, आणि भांडण पुन्हा गादीचे. पण आनंदीबाईंवर चेटकाचा खटला झालेला नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, तेव्हा रामशास्त्र्यांनी दोष राघोबादादांच्या माथी ठेवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा लोकांच्या तोंडी राहिली आणि तीत पुरुषाचा अपराध बायकोच्या लेखणीकडे सरकला. तुलना करायचीच असेल तर ती या सरकण्याची करा. मंत्र-तंत्र, बाहुल्या वगैरे लँकेस्टरकडून आणून शनिवारवाड्यात ठेवू नका.

प्रश्न : मोबाइलच्या कॅलेंडरवर १३ नोव्हेंबर १४४१ शनिवार दाखवतो, तुम्ही सोमवार म्हणता. आणि जॅकेटाचा निकाल काही पुस्तकांत जानेवारी १४६९ चा आहे. बरोबर काय? — एक वाचक, ठाणे

दोन्हीकडे गणना वेगळी आहे. बरीच कॅलेंडर ॲप आजची ग्रेगोरियन पद्धत मागच्या शतकांनाही लावतात. इंग्लंडात तेव्हा ज्युलियन पद्धत होती आणि पंधराव्या शतकात दोन्हींत नऊ दिवसांचा फरक पडतो. ज्युलियन १३ नोव्हेंबर म्हणजे ॲपवरचा २२ नोव्हेंबर, आणि तो सोमवारच आहे. पंधराव्या शतकातली, म्हणजे २९ फेब्रुवारी १५०० पर्यंतची, इंग्लिश तारीख तपासताना नऊ दिवस मिळवा आणि मग वार बघा.

दुसरे, तिथे कागदोपत्री वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणून जानेवारी १४७० चा दस्तऐवज त्या काळी १४६९ चाच लिहिला जाई आणि जुन्या पुस्तकांत तो तसाच उतरतो. खात्री हवी असेल तर राज्यवर्ष बघावे. एडवर्डचे वर्ष ४ मार्चला सुरू होते, तेव्हा नवव्या वर्षातला जानेवारी म्हणजे १४७० चा. सहाव्या हेन्रीचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते, त्यामुळे एलेनॉरची जुलैतली चौकशी एकोणिसाव्या वर्षात आणि नोव्हेंबरमधले प्रायश्चित्त विसाव्या वर्षात पडते, दोन्ही १४४१ मधलीच असूनही.